एकोणतीस फेब्रुवारीच्या भांडणासह माझी सर्व मिळकत

मी, देवराव शांतवन साखरे, वय वर्षे एकाहत्तर, धर्माने ख्रिस्ती, पूर्वी औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात फिटर व आता पेन्शनर, राहणार दुर्गापूर, तालुका व जिल्हा चंद्रपूर, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदावर राजीखुशीने सांगून ठेवतो. माझे डोके जागेवर आहे. हृदयाचे तेवढे तीन पाइप चोक झालेत असे डॉक्टर म्हणतो. तीस वर्षे मी बॉयलरच्या ट्यूबा बदलल्या, तेव्हा मला त्याचे काही नवल वाटले नाही. गुरुवारी, अठ्ठावीस मे रोजी, नागपुरात माझे ऑपरेशन आहे. बुधवारी मुलगी नूतन येऊन मला घेऊन जाईल. म्हणून त्याआधी हे उरकतो.

मला कोणी धमकावलेले नाही. कोणी काही पाजलेले नाही, आणि पाजले असते तरी मी पीत नाही हे सगळ्या दुर्गापूरला ठाऊक आहे. पत्नी भागीरथा बाजूला बसून भेंडी चिरून राहिली आहे आणि दर दोन मिनिटांनी "आटपा ना जी लवकर" म्हणते, पण याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकील माधवीताईंनी स्पष्ट केले. त्यांनी मला असेही सांगितले की मृत्युपत्रात फक्त मिळकतीचे लिहा, मनातले लिहू नका. मी त्यांना म्हटले, ताई, मिळकत एका पानात संपते, मग स्टेपलर कायले आणला?

कलम १. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पोर्च व मागील अंगण. घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझ्यामागे भागीरथेच्या तहहयात ताब्यात राहील. तिच्यानंतर मुलगी नूतन व मुलगा प्रणित यांना निम्मे निम्मे. मुलीला निम्मे कशाला, असे ज्या नातेवाइकांना वाटते त्यांनी पवित्र शास्त्रात गणनाच्या पुस्तकातल्या सलाफहादाच्या पाच मुली वाचाव्यात. बापाच्या जमिनीसाठी त्या थेट मोशेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घेऊन आल्या. मी ते अठरा वेळा वाचले आहे. या नातेवाइकांनी एकदा वाचले तरी पुरे.

मागील भिंतीवरची लोखंडी जाळी कोणी काढू नये. दिसायला वाईट दिसते हे मला मान्य आहे, पण बिबट्याला आपले घर पुण्याच्या बंगल्यासारखे दिसावे अशी काही गरज नाही.

कलम २. बँकेत व पोस्टात जे काही आहे ते सर्व भागीरथेचे. त्याबद्दल तिला कोणी सल्ला देऊ नये. तिनेच ते जमवले, मी फक्त सही करत होतो.

कलम ३. हत्यारे. पाने, स्पॅनर, हातोड्या, पाइप रेंच दोन, व्हाइस एक, ही सर्व प्रणितला. तो माजरीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्याला किंमत कळते. मात्र चौदा नंबरचा रिंग पाना त्याने दोन वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो बाबा" म्हणून नेला आहे. तो आधी परत आणून पेटीत ठेवावा आणि मग या कलमाप्रमाणे पेटी न्यावी. मी गेलो तरी क्रम मोडू नये.

कलम ४. नवा कूलर मी शेजारी हेमराजभाऊंना देणार होतो. नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला आहे आणि त्यांचा कूलर पाणी कमी, आवाज जास्त फेकतो. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत. ज्याने साक्षीदार म्हणून सही केली त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही, दिले तरी ते रद्द होते, असे माधवीताई म्हणतात. हेमराजभाऊंनी दोन मिनिटे विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या, सहीच करतो." अशी माणसे कमी आहेत. दुसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही. भागीरथा म्हणते, "तुमी लिहा, माणूस मी आणतो."

कलम ५. आमच्या चर्चच्या मंडळीच्या आधीच्या पाळकसाहेबांना मी काही देत नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात येईल. पण मनात राग ठेवून मरू नये म्हणून त्यांना मी क्षमा करतो. ही क्षमा या महिन्याच्या शेवटापर्यंत तरी टिकेल असा माझा प्रयत्न राहील.

कलम ६. आता खरे कलम.

दोन हजार नऊ सालच्या एक जानेवारीपासून मी रोज सकाळी साडेपाचला पवित्र शास्त्र वाचतो. वर्षभरात सगळे शास्त्र वाचून व्हावे असा एक छापील तक्ता आमच्या मंडळीत वाटला होता. तारखेपुढे अध्याय, अध्यायापुढे चौकोन. वाचले की चौकोनात खूण करायची आणि वहीत चार ओळी मनन लिहायचे. हे मी एकटा करत नव्हतो. गुणवंतराव याकोब रामटेके आणि मी, दोघे मिळून करत होतो.

गुणवंतराव कोळसा विभागात खलाशी, म्हणजे मदतनीस, होता. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत त्याला वाचता येत नव्हते. उपासनेत पुस्तक उघडून बसायचा, पण माझे पान उलटले की त्याचे उलटायचे. एक दिवस मला म्हणाला, "देवराव, मले वाचाले शिकव. मेल्यावर देवानं इचारलं का माहं पुस्तक वाचलं का, तं काय सांगू?" मग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही कन्व्हेयरखाली बसायचो. तिथल्या पत्र्यावर कोळशाची भुकटी बसलेली असे. तिच्यावर मी बोटाने अक्षर काढी, तो गिरवी, मग फुंकर मारून पुढचे अक्षर. दीड वर्षात गडी वाचायला लागला. शेवटपर्यंत ओळीखाली बोट ठेवूनच वाचे, आणि वाचताना ओठ हलवी.

आम्ही दोघे आपापल्या क्वार्टरात, ऊर्जानगरात, एकाच वेळी एकच भाग वाचायचो आणि मग कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून एकमेकांना मनन सांगायचो. वर्षाला वही एकच होती, दोघांत मिळून. डावे पान माझे, उजवे त्याचे. मी पुष्कळ लिहायचो, विश्वास, कृपा, समर्पण, असे मोठे मोठे. आता ते वाचले की मलाच झोप येते. तो दोन ओळी लिहायचा. नोहाचे तारू आले त्या दिवशी त्याने लिहिले, "येवड्या जनावराइचं शेण कोनं काढलं? नोहाच्या सुनाइनं काढलं असन. त्याइचं नावबी नाई लिवलं." रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून पडणारा मान्ना आला तेव्हा लिहिले, "चाळीस वर्स रोज तेच खाल्लं. माह्या आशानं दोन दिवस सारखी तुरीची डाळ केली तं मी ताट सरकवलं. आज तिले माफी मांगली." असे मनन मला अठरा वर्षांत एकदाही जमले नाही. हे मी त्याला कधी सांगितले नाही.

तीन वर्षे असे छान चालले. मग आले दोन हजार बारा, आणि त्याबरोबर आली एकोणतीस फेब्रुवारी.

तक्त्यात एकोणतीस फेब्रुवारी नव्हती. अठ्ठावीसला इस्राएल लोक यार्देन नदीच्या काठावर येऊन थांबतात आणि एक मार्चला नदी पार करतात. मधला दिवस कोरा. मी मनाशी म्हटले, ठीक आहे, आज विश्रांती, एक आवडते स्तोत्र वाचू. सव्वासातला बसमध्ये बसलो तर गुणवंतराव नदी पार करून, पलीकडे बारा दगड रचून तयार.

मी म्हटले, "आज कोरा दिवस आहे. तू पुढं काऊन गेला?"

"कोरा दिवस कोणता असते बे? त्या दिवशी भूक नाई लागत का?"

"तक्त्यात नाही म्हणजे नाही."

"तक्तेवाला भुलला असन. तू देवाचं आयकतो का छापखानेवाल्याचं?"

सगळी बस हसली. मला हसणे सहन होत नाही. हा माझा दोष आहे आणि तो मी या कागदावर कबूल करतो. मी त्याला म्हटले, उद्या एक दिवस थांब, मी येतो बरोबर. तो म्हणाला, तू आज सांजच्याले बसून वाचून घे, तूच ये. एका दिवसाची गोष्ट होती. कोणीही एकाने ऐकले असते तर संपले असते. दोघांपैकी कोणी ऐकले नाही. तेव्हा मी, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, बोललो: "तू वाचत नाही, तू उरकतोस. बोट ठेवून वाचणाऱ्यानं मला शास्त्र शिकवू नये."

 गुणवंतरावने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या स्टॉपला उतरला. तिथून तो कोळसा विभागापर्यंत पायी गेला. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या सीटवर बसला.

आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो, वेगवेगळे. त्यांनी दोघांचे ऐकून घेतले, चहा दिला आणि दोघांनाही सांगितले की तुमचेच बरोबर आहे. कलम ५ याच कारणाने आहे.

त्यानंतर काय झाले ते हिशेब आवडणाऱ्यांनी पाहावे. गुणवंतराव एक दिवस पुढे, म्हणून त्याचे शास्त्र तीस डिसेंबरला संपले आणि एकतीस डिसेंबरला, सगळी मंडळी वर्षअखेरच्या उपासनेला निघाली असता, याने उत्पत्ती सुरू केली. दोन हजार सोळाला पुन्हा एकोणतीस फेब्रुवारी. तो वाचत राहिला, मी थांबलो. दोन दिवस. वीस सालाला तीन. चोवीसला चार. एका दिवसाचे भांडण बसल्या बसल्या चार दिवसांचे झाले आणि आम्ही दोघेही रिटायर होऊन चार गल्ल्यांच्या अंतरावर राहून चौदा वर्षे बोललो नाही. आमच्या बायका मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. आशाबाई भाजीबाजारात भागीरथेला सगळे सांगते आणि भागीरथा मला सांगते, त्यामुळे तो कुठपर्यंत पोचला हे मला नेहमी ठाऊक असते. सध्या मी अंगभर फोड आलेल्या ईयोबाच्या पुस्तकात राखेत बसून अंग खाजवतो आहे, आणि हा तिकडे त्यापुढच्या पुस्तकातली स्तोत्रे गाऊन राहिला आहे.

ईयोबाच्या मित्रांना लोक नावे ठेवतात. पुढे ते फार बोलले, हे खरे. पण आधी ते आले होते. सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. या वर्षी ते वाचताना माझे डोळे भरून आले आणि मी भागीरथेला सांगितले की कूलरची हवा डोळ्यांत गेली. ती म्हणाली, कूलर बंद आहे.

कलम ७. सबब, मी लिहून ठेवतो की त्या दिवशी बसमध्ये मी जे बोललो ते खोटे होते. गुणवंतरावने कधी काही उरकले नाही. एक ओळ वाचायला तो जेवढा वेळ लावतो तेवढ्यात मी अर्धे पान डोळ्यांखालून घालतो, आणि उरकणारा कोण हे त्यावरून कोणालाही कळेल. त्याला मी शिकवले याचा मला गर्व होता. तोच गर्व मी त्याच्या तोंडावर फेकून मारला. गुणवंता, मी चुकलो. मला माफ कर. चौदा वर्षे तुझ्या घरासमोरून जाताना मी सायकलची घंटी वाजवत होतो ती रस्त्यावर कोणी होते म्हणून नाही.

दोन हजार नऊ, दहा व अकरा या तीन वर्षांच्या आमच्या मननाच्या तीन वह्या गुणवंतराव याकोब रामटेके यांना द्याव्यात.

कलम ८. माझ्या अंत्यविधीत कोणी भाषण करू नये. त्या तारखेला तक्त्यात जो भाग असेल तोच वाचावा. वंशावळी आली तर पूर्ण वंशावळी वाचावी, नावे गाळू नयेत. उन्हात उभे राहायला लागेल, त्याला माझा इलाज नाही.

कलम ९. या सर्वाची अंमलबजावणी मुलगी नूतन हिने करावी. ती कोरपन्याला शाळेत सत्तर पोरे सांभाळते, तिला हे जड नाही.

पुरवणी. वरील सर्व काल टाइप झाले. हे खालचे मी आज सही करण्याआधी, टाइप केलेल्या पानाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माधवीताई कपाळाला हात लावून बसल्या आहेत, पण हरकत नाही म्हणतात.

सकाळी दहाला भागीरथा दुसरा साक्षीदार घेऊन आली. गुणवंतराव होता. डोक्याला दुपट्टा, हातात चष्म्याचे घर. केस पार पांढरे. मी उठायला गेलो तर म्हणाला, "बसून राय. वैनीनं सांगितलं मले, तुले उठाले मनाई हाय." आणि माझ्याकडे न पाहता माधवीताईंना म्हणाला, "कुठी करायची सही?"

ताईंनी जागा दाखवली. म्हणाल्या, साक्षीदाराला आतला मजकूर वाचायची गरज नसते, त्यांनी तुमच्यासमोर सही केली एवढे तुम्ही पाहिले की झाले.

गुणवंतरावने चष्मा चढवला. "मी वाचल्याबिगर सही करत नाई. मी उरकत नसतो, बाई."

 त्याने पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि वाचायला लागला. ओठ तसेच हलत होते. जाळी, पाने, कूलर, सगळे वाचले. चौदा नंबरच्या पान्याला थोडा हसला. कलम ६ ला थांबून म्हणाला, "बस सव्वासातची नोती, सात दाहाची होती." मी म्हटले सव्वासात. तो म्हणाला सात दाहा. हेमराजभाऊंनी पाणी आणले. मग कलम ७ आले. त्याचे बोट एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा त्याच ओळीवरून पुढे आले. दोनदा वाचले त्याने. भागीरथेने विळी बाजूला ठेवली. 

"घंटी मले आयकू येत होती," तो म्हणाला. "मी आतून म्हणो, वाजव लेका, वाजव. दार वाजवाले काय झालं तुले?"

"तुला काय झालं होतं?" मी म्हटले.

"मलेबी तेच झालं होतं."

माधवीताई मध्ये पडल्या. म्हणाल्या, काका, एक अडचण आहे, तुम्ही सही केली तर वह्यांचे कलम रद्द होईल, तुम्हाला वह्या मिळणार नाहीत. गुणवंतराव म्हणाला, "अर्ध्या माह्याच लिवलेल्या हायेत त्या. हा देणारा कोण? खोडा ते. मले वह्या नोको, हा माणूस नागपूरवरून घरी वापस आला पायजे." आणि ताईंच्या हातातला पेन घेऊन त्याने ती ओळ स्वतःच खोडली. ताईंनी ओळीच्या दोन्ही टोकांना माझी छोटी सही घेतली.

मग मी त्याला सांगितले की आज पहाटे मी एक काम केले आहे. चार वाजता उठून आजचा भाग वाचला आणि पुढचे चार दिवसांचेही भाग वाचले. ईयोब संपवला, अकराव्या स्तोत्रापर्यंत आलो. ऑपरेशनच्या आधी तुझ्याबरोबर व्हावे म्हणून.

गुणवंतराव माझ्याकडे पाहतच राहिला. "काऊन वाचलं बे? मी बावीस तारखेपासून थांबून हावो ना! वैनीनं तुह्या हृदयाचं सांगितलं तवापासून मी चौकोनात खूण केली नाई, आशालेबी सांगितलं नाई. तू येशीन म्हणून तिथीच बसून हावो, ईयोबापाशी."

म्हणजे चौदा वर्षे तो पुढे, आणि आता मी चार दिवस पुढे. मी म्हटले, तू मला आधी विचारायचे होतेस. तो म्हणाला, तूच मला विचारायचे होतेस. मी म्हटले आजच बसून चार दिवसांचे वाच. तो म्हणाला मी उरकत नाही, दहादा सांगितले. आवाज चढले. भागीरथेने दोघांना दटावले की याचे हृदय गुरुवारी उघडायचे आहे, आज नाही. हेमराजभाऊ तर हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले.

शेवटी गुणवंतरावनेच बोटांवर मोजले. सत्तावीसला तू गाडीत. अठ्ठावीसला टेबलावर. एकोणतीस, तीस तुले शुद्ध कमी. चार दिवस तू काही वाचणार नाही. तेवढ्यात मी रोजचा एकेक भाग वाचत तुझ्यापर्यंत येतो. एकतीस तारखेला रविवार आहे, बारावे स्तोत्र दोघे बरोबर. मी दवाखान्यात येतो आणि मोठ्याने वाचतो. तू फक्त ऐक.

मला हे मान्य आहे. माझे हृदय कसे आहे ते डॉक्टर जाणे, पण भीती मला वाटते, ती आज पहिल्यांदा मी भागीरथेसमोर आणि गुणवंतासमोर बोलून दाखवली. दोघांनी माझा एकेक हात धरला. त्यामुळे हे पुढचे अक्षर वाकडे आले आहे, ते कोणी खाडाखोड समजू नये.

वरील सर्व मजकूर, पुरवणीसह, माझा आहे.

ठिकाण: दुर्गापूर, जिल्हा चंद्रपूर
दिनांक: २६ मे २०२६, मंगळवार

(सही) देवराव शांतवन साखरे

देवरावभाऊंनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत व बऱ्याच वादावादीनंतर सही केली, आणि मग आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिला:
(सही) हेमराज सीताराम वाढई, राहणार दुर्गापूर

साक्षीदार दुसरा:
(सही) गुणवंतराव याकोब रामटेके, राहणार दुर्गापूर. समदं वाचून सही केली. देवराव, अकराव्या स्तोत्रापाशी थांबून राय. पुढं जाऊ नोको. मी येऊन राह्यलो.